लाल ठिपक्यांचा माग

मित्रांनो, चार चाकं, दोन फळ्या आणि ढकलायला एक दांडा, एवढाच माझा देह. मी पनवेलच्या एका इस्पितळातली ट्रॉली आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एक कोपरा दारावर आपटून चेपला आहे. पण माझ्या आयुष्यात असं काही घडलं, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म तळोज्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. स्टीलचे पत्रे कापले, वाकवले, एकमेकांना जोडले, आणि मी उभी राहिले. मला घडवणारा कारागीर फार चिकाटीचा माणूस होता. माझ्या कडा तो पुन्हा पुन्हा घासायचा, वरून बोट फिरवायचा आणि परत घासायला घ्यायचा. "आजाऱ्याच्या अंगाला हिचं काही लागता कामा नये," असं तो शेजारच्याला म्हणाला होता. चाकं बसल्यावर त्याने मला कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकललं. मी इतकी सरळ गेले, की माझी मलाच गंमत वाटली.

सुरुवातीची वर्षं मी हाडांच्या वॉर्डात काढली. माझ्या वरच्या फळीवर कापूस, बँडेज, चिमटे आणि औषधाच्या बाटल्या असत. जखमेची पट्टी बदलायची वेळ झाली, की मला पलंगाशेजारी नेत. लहान मुलं मला पाहून भोकाड पसरत. मला वाईट वाटे, पण पट्टी बदलून झाली की तीच मुलं माझ्या चकचकीत पत्र्यात तोंड वेंगाडून बघत आणि हसत. तेव्हा माझा सगळा शीण जाई.

पुढे खणांच्या, झाकणांच्या नव्या ट्रॉल्या आल्या. त्याच सुमाराला माझं पुढचं एक चाक अडकायला लागलं. ते तेल घालून किंवा बदलून भागलं असतं, पण तेवढा वेळ कुणाला नव्हता. मला जिन्याखाली ढकलून दिलं. तिथे मोडकी खुर्ची, गंजलेला सलाईनचा स्टँड आणि मी, असा आमचा संसार होता. माझ्यावर धुळीचा थर बसला. कुणी जाता जाता चहाचा कप ठेवी, कुणी जुनी वर्तमानपत्रं. आपलं काम संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग एक दिवस सुमती सिस्टर जिन्याखाली वाकल्या.

सुमती सिस्टर रोडपालीला राहतात. ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला, चालणं भरभर. बरीच वर्षं त्यांनी अतिदक्षता विभागात काढली होती. इस्पितळाने त्यांच्याकडे एक नवं काम सोपवलं होतं. मित्रांनो, ते काम नीट समजून घ्या. माणूस इस्पितळात एक दुखणं घेऊन येतो. ते बरं करता करता इस्पितळातलेच जंतू त्याला चिकटले, तर तो दुसऱ्याच दुखण्यात सापडतो. असं कुणाला होतंय का, कुठे होतंय, कशामुळे होतंय, यावर रोज डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि ते थांबवायचं. हेच सुमती सिस्टरांचं काम.

त्यांनी मला ओढून उजेडात आणलं, स्वतः घासलं, आणि हट्ट धरून नवं चाक बसवून घेतलं. आता माझ्यावर निर्जंतुक काड्यांच्या नळ्या आल्या. काडीच्या टोकाला कापूस असतो. तो जखमेवर, नळावर किंवा हातावर फिरवायचा, नळीत बंद करायचा आणि प्रयोगशाळेत डॉक्टर आभांकडे द्यायचा. त्या तो नमुना एका चपट्या गोल बशीत लावतात. त्या बशीत जंतूंचं खाद्य असतं. जंतू असले, तर ते वाढतात आणि डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसू लागतात.

वॉर्डात मी शिरले, की लोक कुजबुजत. "आली बघ पोलीस गाडी." सुमती सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करत. पलंगापलंगाशी थांबून त्या विचारत: ताप आला का? जखम लाल दिसते का? ही नळी अजून लागते का, की काढता येईल? पहिलंच काम त्यांनी काय केलं असेल, तर प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी साबणाची पंपाची बाटली बसवून घेतली आणि डॉक्टरांपासून सफाईच्या मावशांपर्यंत सगळ्यांना हात धुवायला शिकवलं. तो साबण दाट होता. सुरुवातीला पंपात अडकायचा, लोक तक्रार करायचे. मग ती अडचण मिटली. हात धुणाऱ्यांची संख्या वाढली. सिस्टर खूष होत्या.

आणि नेमक्या त्याच दिवसांत हाडांच्या वॉर्डात जखमा चिघळायला लागल्या.

आधी एका मुलाची. मग कळंबोलीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची. मग भीमाबाईंची.

भीमाबाई उरणच्या. साठी उलटलेली, पण बोलणं खणखणीत. बाजारात मासळी विकायला बसायच्या. धक्क्यावर पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. दोन्ही हातांनी वॉकर धरून त्या चालायलाही लागल्या होत्या. आणि मग टाक्यांतून पू यायला लागला.

"बाय, पाय नुस्ता ठणकतंय," त्या सुमती सिस्टरांना म्हणाल्या. "डोल्याला डोला लागला नाय."

त्यांचा मुलगा प्रितेश बंदरात कामाला होता. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "आमी आईला चालत घरी नेणार व्हतो, सिस्टर. आता डाक्टर बोलतात परत ऑपरेशन करावा लागंल. असं कसं झालं?"

"ते मी शोधून काढणार आहे," सिस्टर म्हणाल्या. आणि काडीची नळी त्यांनी माझ्यावर इतकी जपून ठेवली, जणू ती काचेची नव्हतीच, जिवंत काहीतरी होती.

दोन दिवसांनी डॉक्टर आभांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर तीन बशा होत्या. तिन्हींत लाल ठिपके होते, कुंकवाची चिमूट सांडावी तसे.

"सेरेशिया," डॉक्टर आभांनी जंतूचं नाव सांगितलं. "तिघांनाही तोच. हा योगायोग नाही, सुमती. हा एकाच ठिकाणाहून येतोय."

इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर विनायक यांना ही बातमी आवडली नाही. "सिस्टर, तुम्ही हे काम सुरू करण्याआधी आपल्याकडे असं काही नव्हतं," ते वॉर्डातच म्हणाले.

"नव्हतं की आपल्याला माहीत नव्हतं, सर? कुणी बघतच नव्हतं."

हाडांचे डॉक्टर दीनानाथ शेजारीच होते. ते मोठे शल्यविशारद, हात सफाईदार, पण जिभेला धार. "भीमाबाईंचं म्हणाल, तर त्या मासळी विकतात. घरची मंडळी डबे घेऊन येतात, जखमेला हात लावतात. आणि ती मावशी लादी कशी पुसते ते बघितलंय का कधी? तोच बोळा संडासात आणि तोच वॉर्डात. तिथे शोधा."

ती मावशी म्हणजे ओवे गावची हौसा. ती तिथेच बादली घेऊन उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. संध्याकाळपर्यंत वॉर्डभर झालं, की हौसाला काढणार.

"सिस्टर," ती सुमती सिस्टरांना कोपऱ्यात गाठून म्हणाली, "मी बोला येगला ठेवतंय का नाय, तुमी रोज बगता ना? मंग मना का काडतात?"

"अजून कुणी कुणाला काढलेलं नाही, हौसा. मला शोधू दे."

मित्रांनो, त्या आठवड्यात मी जितकी चालले तितकी पूर्वी कधी चालले नव्हते. लादी, बोळे, नळ, पलंगांच्या दांड्या, औषधांच्या बाटल्या, दारांच्या मुठी. सिस्टर काडी फिरवत आणि नळीत बंद करत. एकदा त्यांनी माझ्याही दांड्यावर काडी फिरवली. मला जरा राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे, मी काय आभाळातून पडले? हौसाचे बोळे स्वच्छ निघाले. नळ स्वच्छ निघाला. मीही स्वच्छ निघाले. पण लाल ठिपके कुठे लपले होते ते काही सापडेना.

आणि मग पोस्टमास्तर गेले. जखमेतले जंतू रक्तात उतरले होते. त्यांचा चष्मा उशाशी तसाच राहिला होता. सुमती सिस्टर माझा दांडा घट्ट धरून कितीतरी वेळ त्या रिकाम्या पलंगापाशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दीनानाथ राउंडला आले, तेव्हा ते चिडलेले होते. पेशंट गेला की ते असे चिडत. "सापडलं का काही?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. "मग मी सांगतो. तुमची ती हात धुण्याची मोहीम सुरू झाली आणि माझे पेशंट बिघडायला लागले. लिहून घ्या!"

आजूबाजूच्या नर्स खाली बघायला लागल्या. टोमणा जिव्हारी लागेल असाच होता. पण सुमती सिस्टर रागावल्या नाहीत. त्या बोटांवर दिवस मोजू लागल्या. घसरलेला चष्मा वर सारायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर पुढे गेल्यावर त्यांनी ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला हाक मारली. ती कोमल. "कोमल, इकडे ये. हात पुढे कर." त्यांनी तिच्या तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत काडी फिरवली. "आता हात धू. मी शिकवलंय तस्से."

कोमलने मन लावून हात धुतले, कागदाने पुसले.

"आता परत पुढे कर."

"धुतलेल्या हाताचं कशाला, सिस्टर?" कोमल हसली.

"धुतलेल्याचंच बघायचंय मला."

बशा तयार झाल्या, तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दारात होते. डॉक्टर आभांनी दोन्ही बशा उजेडात धरल्या आणि म्हणाल्या, "सुमती, तू चिठ्ठ्या उलट लावल्यास."

"नाही लावल्या."

"अगं, हात धुण्याआधीच्या बशीत नेहमीचे किरकोळ जंतू आहेत. धुतल्यानंतरची बशी लालभडक आहे."

मग सिस्टरांनी मला जवळजवळ पळवतच वॉर्डाच्या दाराशी नेलं. साबणाची बाटली भिंतीवरून काढली, पंप फिरवून उघडला आणि आत बोट घातलं. बोटाला बुळबुळीत थर लागला. साबण संपत आला की त्याच बाटलीत वरून नवा ओतला जात होता. बाटली कधी रिकामी होत नव्हती, कधी धुतली जात नव्हती. आणि दाट साबण अडकू नये म्हणून त्यात नळाचं पाणी घालत होते. पातळ झालेल्या त्या साबणात जंतू आरामात नांदत होते. जो हात स्वच्छ होण्यासाठी त्या पंपाखाली जाई, तोच हात त्यांना घेऊन जखमेपाशी पोचत होता.

सिस्टर खाली बसल्या, माझ्या चाकाशेजारी, लादीवरच. "पाणी घालायला मीच सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या. मला सोडून ते कुणी ऐकलं नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला कळणार होतं? साबण बदलला असता, जखमा चिघळायच्या थांबल्या असत्या, आणि ठपका हौसावर राहिला असता.

पण सिस्टर उठल्या. सगळ्या वॉर्डांतल्या बाटल्या त्यांनी त्याच तासाला उतरवल्या. प्रत्येकीचा नमुना घेतला. डॉक्टर आभांनी साबणातला जंतू आणि पेशंटच्या जखमांतला जंतू मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून ताडून घेतला. दोन्ही एकच निघाले. मग चिकटपट्टीने बंद केलेल्या बशा माझ्या वरच्या फळीवर मांडून सिस्टर मला डॉक्टर विनायकांच्या खोलीत घेऊन गेल्या. माझी चाकं गालिच्यावरून चालण्याची ती पहिलीच वेळ. डॉक्टर दीनानाथ होते, डॉक्टर आभा होत्या. हौसालाही बोलावलं होतं. ती दाराला चिकटून उभी होती.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. डॉक्टर दीनानाथांनी बशी हातात घेऊन फिरवून पाहिली. "म्हणजे मी ड्रेसिंगच्या आधी जे हात धुतले..." ते म्हणाले आणि थांबले. मग बशी खाली ठेवून ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"साबणात पाणी घालायची परवानगी कुणी दिली?" डॉक्टर विनायकांचा आवाज चढला. त्यांची नजर दाराकडे गेली. सगळ्यांचीच गेली. हौसाने मान खाली घातली.

"मी," सुमती सिस्टर म्हणाल्या. "पंप अडकतात अशी तक्रार होती. मी हौसाला म्हटलं, थोडं पाणी घाल. बाटल्या तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. साबणच तो, असं वाटलं. कारवाई करायची असेल, तर ती माझ्यावर करा, सर. पण त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पुन्हा भरायच्या बाटल्या या इस्पितळात राहायला नकोत. आणि घरच्या लोकांना खरं काय ते सांगायला हवं."

"घरच्यांना?" डॉक्टर विनायक म्हणाले. "याचा परिणाम काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. पोस्टमास्तरांच्या मुलीला आपण सांगितलंय, की वय झालं होतं. ते खरं नाही, सर."

मग अनपेक्षितपणे डॉक्टर दीनानाथ बोलले. "मी येतो तुमच्याबरोबर. भीमाबाईंबद्दल मी नको ते बोललोय. आणि हिच्याबद्दलही." त्यांनी हौसाकडे पाहिलं. हौसाने पदराने तोंड पुसलं आणि ती बाहेर निघून गेली. दाराबाहेर तिचा हुंदका फक्त मला ऐकू आला.

पोस्टमास्तरांची मुलगी आली, तेव्हा मी त्या खोलीच्या दाराशी होते. सिस्टर तिच्या शेजारी बसून सांगत होत्या. डॉक्टर विनायकही आले होते, अवघडून उभे होते. ती ओरडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबांना शेवटी फार दुखलं का?" सिस्टरांनी उशाशी राहिलेला बाबांचा चष्मा तिच्या हातात ठेवला.

प्रितेश मात्र भडकला. "आमच्या आईच्या हाताला मासलीचा वास हाय म्हनून झाला असं बोललात ना? सगल्या वॉर्डाला आयकू गेला व्हता ता!"

"बोललो. चुकलो," डॉक्टर दीनानाथ म्हणाले. एवढेच दोन शब्द, पण ते त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जातील असे उच्चारले.

भीमाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सुमती सिस्टरांनी हात जोडले. "माफी मागते, भीमाबाई. साबणाची चूक माझी होती."

"माफीनं काय करू? माजा पाय दे," भीमाबाई ताडकन म्हणाल्या. सिस्टरांचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे बघून भीमाबाईंचा आवाज थोडा खाली आला. "तुज्यानं चुकला, आन शोधलास पन तूच. आता बगायचं सोरू नको. आमच्यासारकी आनखी येतील हितं."

सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला माझा दांडा धरला. आता भिंतींवर साबणाच्या बंद पिशव्या बसतात. संपली की फेकायची, नवी लावायची. त्यांचीही तपासणी होते. हाडांच्या वॉर्डात कुणाला संसर्ग झाला, तर तो लपवला जात नाही. दर महिन्याला सगळे मिळून त्यावर चर्चेला बसतात, आणि डॉक्टर दीनानाथ सगळ्यात आधी येऊन बसतात. लाल ठिपके त्यानंतर कुठल्याच जखमेत उगवले नाहीत. मित्रांनो, दुसरे जंतू येतात. ते येतच राहणार. म्हणून बघतही राहावं लागतं.

भीमाबाईंचं दुसरं ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण जरा आखूड राहिला. काठी टेकत त्या परवा तपासणीला आल्या होत्या. बाजारात पुन्हा बसू लागल्या आहेत म्हणे. डॉक्टर दीनानाथांनी व्रण पाहायला हात पुढे केला, तर त्यांनी झटकन लुगडं खाली ओढलं.

"आदी हात, डाक्टर."

डॉक्टर निमूटपणे बेसिनकडे गेले. त्यांनी बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं धुतलं आणि शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पालथे-उलथे करून दाखवले. भीमाबाईंनी ते नीट निरखले.

"हां. बगा आता."

मित्रांनो, आता माझ्या पत्र्यावर गंजाचा एक ठिपका दिसू लागला आहे. कधीतरी मला मोडीत काढतील आणि माझ्या जागी दुसरी येईल. तिला जपा, एवढं तर मी म्हणणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणी तुमच्याकडे तपासायला आलं, कोपऱ्यात डोकावलं, नको ते प्रश्न विचारले, तर त्याच्यावर चिडू नका. आणि तपासणारे तुम्ही असाल, तर स्वतःचे धुतलेले हातही एकदा उजेडात धरून बघा. कधी कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात, तर हात धुवा आणि समोरच्यालाही विचारा, धुतलेत का म्हणून. तो मोठा असला, डॉक्टर असला, तरी विचारा. भीमाबाईंना विचारता आलं, तर तुम्हालाही येईल.